ग्रंथपाल घडवा, चावीवाले नकोत!

मध्यंतरी एक तरुण पेढ्यांचा पुडा घेऊन आमच्या कार्यालयात आला. जुन्या अंकांच्या शोधात तो याआधीही दोन-तीनदा येऊन गेला होता. त्याचा शोधनिबंध एका ‘आंतरराष्ट्रीय’ जर्नलने स्वीकारला होता. सोमवारी निबंध पाठवला, बुधवारी स्वीकारल्याचे पत्र आले आणि त्याच पत्रात अडीच हजार रुपये भरण्याची सूचना होती. बाप बिगारी काम करणारा, आई चार घरची धुणीभांडी करणारी. पैसे भरले गेले. निबंध छापून आला तो मूळच्या चुकांसकट, कारण तो कुणी वाचलाच नव्हता. पुढे प्राध्यापकपदाच्या मुलाखतीत समितीतल्या एकाने जर्नलचे नाव वाचले, हसून कागद बाजूला सारला आणि ‘हे बोगस आहे’ एवढेच म्हणाला. आम्ही त्या तरुणाला विचारले, “तुझ्या महाविद्यालयात ग्रंथपाल होते ना? त्यांना का विचारले नाहीस?” तो म्हणाला, “सर, ते पुस्तके देतात-घेतात. हे त्यांना कशाला विचारायचे?”

ही गोष्ट एका तरुणाची नाही. आपल्या समाजातून संशोधनाकडे वळणाऱ्या पहिल्या पिढीची ही गोष्ट आहे. ज्याच्या घरात तीन पिढ्यांचे पदवीधर आहेत, त्याला चांगले जर्नल कोणते आणि दुकान कोणते हे जेवताना ताटावर कळते. काका प्राध्यापक असतो, आत्या विद्यापीठात असते, मार्गदर्शक ओळखीचा असतो. आपल्या मुलाला असे सांगणारे घरी कुणी नाही. मार्गदर्शकाला वेळ नाही आणि कधी कधी इच्छाही नाही. मग उरतो तो ग्रंथपाल. महाविद्यालयात जात, ओळख, वशिला न पाहता ज्याच्या टेबलापाशी कुणीही जाऊन उभे राहू शकते, असा तोच एक माणूस. पण संशोधन कसे होते आणि झालेले संशोधन जगापुढे कसे जाते, हे त्या माणसालाच कुणी शिकवले नसेल, तर तो सांगणार काय?

आम्ही ग्रंथपालांना दोष देत नाही. दोष त्यांना घडवणाऱ्या अभ्यासक्रमाचा आहे. ग्रंथालयशास्त्राच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमात ‘संशोधन पद्धती’ नावाचा विषय असतो, नाही असे नाही. पण तो शिकवला कसा जातो? गृहीतक म्हणजे काय, नमुना निवडीचे प्रकार किती, प्रश्नावली आणि मुलाखत यांत फरक कोणता? व्याख्या पाठ करायच्या, गाइडातली उत्तरे उतरवायची आणि परीक्षा संपली की विसरायचे. विद्वानांमधला ज्ञानव्यवहार, म्हणजे निबंध कुणाकडे जातो, कोण तपासतो, कोण नाकारतो, छापणारा पैसे कुणाकडून घेतो, वाचणाऱ्याला तो कसा मिळतो, हा विषय एखाद्या घटकापुरता उरकला जातो. काही विभाग आणि काही प्राध्यापक हे काम मनापासून करतात, त्यांना आमचा सलाम. पण अपवादांवर समाजाचे भवितव्य सोडता येत नाही.

संशोधन आणि त्याचे प्रकाशन ही दोन वेगळी कामे आहेत आणि दोन्ही जमली तरच विद्वत्ता समाजाच्या कामी येते, हे बाबासाहेबांइतके क्वचितच कुणी जाणले असेल. ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात डॉ. गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या चर्चासत्रात त्यांनी भारतातील जातींवरचा निबंध वाचला. तो तिथेच पडून राहिला नाही. १९१७ च्या मे महिन्यात तो ‘इंडियन अँटिक्वेरी’ या नामांकित नियतकालिकात छापून आला. पंचविशीतला एक अस्पृश्य तरुण प्राच्यविद्येच्या पंडितांच्या पंक्तीत आपला निबंध घेऊन उभा राहिला. कोलंबियाच्या डॉक्टरेटचा इतिहासही असाच बोलका आहे. त्या काळी प्रबंध स्वीकारला गेला तरी त्याच्या छापील प्रती विद्यापीठात दाखल झाल्याशिवाय पदवी हाती पडत नसे. बाबासाहेबांचा प्रांतिक वित्तव्यवस्थेवरचा ग्रंथ १९२५ साली लंडनहून प्रसिद्ध झाला आणि पदवी रीतसर मिळाली ती १९२७ साली. बुद्धी होती, श्रम होते, पण छपाईच्या खर्चाचा दरवाजा तेव्हाही आडवा होता.

आणि १९३६ साल कसे विसरता येईल? लाहोरच्या जातपात तोडक मंडळाने अध्यक्षीय भाषणासाठी बाबासाहेबांना बोलावले, भाषण आधी मागवून घेतले, वाचले आणि त्यातला काही मजकूर गाळा असा आग्रह धरला. बाबासाहेबांनी नकार दिला. परिषदच रद्द झाली. तेव्हा त्यांनी काय केले? ते भाषण स्वतःच्या खर्चाने छापले. पहिल्या आवृत्तीच्या दीड हजार प्रती दोन महिन्यांत संपल्या आणि १९३७ साली गांधीजींची टीका व तिला दिलेले उत्तर यांसह दुसरी आवृत्ती निघाली. दार अडवणारा कोण, तो कशासाठी अडवतो आणि अडवल्यावर आपला विचार लोकांपर्यंत कसा न्यायचा, याचा याहून चांगला धडा कोणत्या पाठ्यपुस्तकात आहे? ‘ॲनिहिलेशन ऑफ कास्ट’ची ही जन्मकथा ग्रंथालयशास्त्राच्या वर्गात शिकवली गेली पाहिजे. आज ती राज्यशास्त्राच्या वर्गात शिकवली जाते तीही नाइलाज म्हणून.

ज्या शास्त्राबद्दल आम्ही बोलतो आहोत, त्याचा आणि बाबासाहेबांचा धागा जुना आहे. मेल्विल ड्यूई याने १८८७ साली ग्रंथपालांची पहिली शाळा काढली ती कोलंबियातच. त्याच परंपरेतले विल्यम बोर्डन यांना महाराजा सयाजीराव गायकवाडांनी १९१० साली अमेरिकेहून बडोद्यात आणले. गावोगावी वाचनालयांचे जाळे विणले गेले आणि १९११ साली बडोद्यात ग्रंथपालांचा वर्ग सुरू झाला. दोन वर्षांनी, १९१३ साली, त्याच बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर भीमराव आंबेडकर त्याच कोलंबियात दाखल झाले. ज्या राजाने ग्रंथालये रयतेच्या दारात नेली, त्यानेच एका महाराच्या पोराला जगातल्या मोठ्या ग्रंथालयाच्या दारात नेऊन सोडले. हा योगायोग मानायचा असेल त्यांनी मानावा. आम्हाला ती एकाच धोरणाची दोन फळे वाटतात.

परंतु त्याच ड्यूईच्या वर्गीकरणाकडे जरा निरखून पाहा. दशांश पद्धतीत धर्माला २०० ते २९९ ही शंभर घरे दिली आहेत. त्यांतली बहुतांश एकट्या ख्रिस्ती धर्माकडे. भारतात जन्मलेले सगळे धर्म २९४ या एका घरात कोंबलेले, आणि बुद्धाचा धम्म, ज्याने अर्ध्या आशियाला प्रकाश दिला, तो दशांश चिन्हानंतरच्या एका आकड्यावर, २९४.३ वर! खुद्द ड्यूई कसा होता? ज्यूंना आणि काळ्यांना प्रवेश नाकारणारा क्लब चालवणारा. स्त्रियांशी गैरवर्तन केल्याचे आरोपही त्याच्यावर होते. म्हणूनच २०१९ साली अमेरिकन ग्रंथालय संघटनेने आपल्या सर्वोच्च पदकावरून त्याचे नाव काढण्याचा ठराव केला. वर्गीकरण हे आकड्यांचे निष्पाप काम आहे असे समजणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे. ज्याच्या हाती घरे पाडण्याचा अधिकार, तो स्वतःसाठी वाडा ठेवतो आणि इतरांना वेशीबाहेरची झोपडी देतो. हे आपल्याला कुणी वेगळे समजावून सांगायला नको.

या अन्यायाला उत्तर देणारी एक बाई अमेरिकेत होऊन गेली. तिचे नाव डोरोथी पोर्टर. कोलंबियाच्याच ग्रंथालय शाळेतून पदवी घेणारी पहिली कृष्णवर्णीय स्त्री. १९३० पासून ४३ वर्षे तिने वॉशिंग्टनच्या हॉवर्ड विद्यापीठात काळ्यांच्या ग्रंथसंपदेचा सांभाळ केला. तिने पाहिले की इतर ग्रंथालयांत काळ्या लेखकाचे पुस्तक आले की ते ३२५ किंवा ३२६ या क्रमांकावर टाकले जाते. म्हणजे वसाहतीकरण आणि गुलामगिरी. लेखक काळा, म्हणजे विषय गुलामगिरी! मग पुस्तक कवितेचे असो की आणखी कशाचे. तिने हे मान्य केले नाही. काळ्यांनी लिहिलेली कविता कवितेत ठेवली, इतिहास इतिहासात ठेवला आणि एका समाजाची प्रज्ञा ज्ञानाच्या साऱ्या घरांत पसरलेली आहे हे कपाटांतून सिद्ध करून दाखवले. हे काम नुसत्या चावीवाल्याचे नव्हे. त्यासाठी ग्रंथपालाला संशोधकाची नजर लागते.

आता आपल्याकडे या. महाविद्यालयाच्या ग्रंथालयात एक कपाट असते. काचेचे, कुलूपबंद, वर बाबासाहेबांचा फोटो, जयंतीला हार. बाबासाहेबांचे सगळे ग्रंथ त्या एका कपाटात. दिसायला हा आदर आहे. परिणामाने ती अस्पृश्यता आहे! अर्थशास्त्राचा विद्यार्थी चलनावरचे पुस्तक शोधत ३३२ च्या रांगेत जातो, त्याला तिथे ‘प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ दिसत नाही. सार्वजनिक वित्ताच्या ३३६ च्या रांगेत प्रांतिक वित्तव्यवस्थेवरचा ग्रंथ नाही. मग बाबासाहेब फक्त ‘दलितांचे नेते’ म्हणून उरतात, अर्थशास्त्रज्ञ म्हणून त्या विद्यार्थ्याला कधी भेटतच नाहीत. वेगळे दालन नको असे आमचे म्हणणे नाही. दालन जरूर असावे, पण दुसरी प्रत तिच्या विषयाच्या रांगेत असली पाहिजे आणि सूचीत दोन्हीकडे नोंद असली पाहिजे. डोरोथी पोर्टर ज्यांना शिकवली जाईल त्या ग्रंथपालांना हे सांगावे लागणार नाही.

आता बोगस जर्नलांच्या बाजाराकडे वळू. या बाजाराचा बोभाटा जगात प्रथम कुणी केला? जेफ्री बील नावाच्या एका ग्रंथपालाने. अमेरिकेतील कोलोरॅडो विद्यापीठाच्या डेन्व्हर शाखेतल्या या माणसाने पैसे घेऊन काहीही छापणाऱ्या प्रकाशकांची यादीच प्रसिद्ध केली; २०१७ च्या जानेवारीत ती बंद झाली. गरीब देशांतल्या प्रामाणिक नियतकालिकांकडेही ती संशयाने पाहते अशी टीका तिच्यावर झाली, आणि त्या टीकेत तथ्य होते. आपल्याकडे नोकरी आणि बढतीसाठी छापील निबंधांचे गुण मोजायला सुरुवात झाली आणि या दुकानांना सुगी आली. विद्यापीठ अनुदान आयोगाने मान्यताप्राप्त जर्नलांची यादी केली. २०१८ च्या मे महिन्यात त्याच यादीतून एका फटक्यात ४,३०५ नावे काढावी लागली. मग २०१९ मध्ये ‘केअर’ यादी आली. २०२५ च्या फेब्रुवारीत आयोगाने तीही बंद केली आणि जर्नल पारखण्याची जबाबदारी संस्थांवर टाकली. म्हणजे यादी बघून सांगण्याचे दिवस संपले. आता पारखणारा माणूस हवा. संस्थेत तो माणूस कोण? ग्रंथपालच ना? मग त्याला पारखायला शिकवले कुणी?

दुसरीकडे सरकारने ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ आणले. २५ नोव्हेंबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने त्यासाठी तीन वर्षांचे सहा हजार कोटी रुपये मंजूर केले. तीस प्रकाशकांची सुमारे तेरा हजार जर्नल्स सरकारी उच्च शिक्षण संस्थांना आणि केंद्राच्या संशोधन संस्थांना खुली करणारी ही योजना. चांगली गोष्ट आहे, आम्ही स्वागतच करतो. पण महाराष्ट्रातली बहुतेक महाविद्यालये खासगी शिक्षणसंस्था चालवतात आणि आपली बहुतांश मुले तिथेच शिकतात. योजनेचा पहिला टप्पा आखला गेला तो सरकारी व्यवस्थापनाखालच्या संस्थांसाठी. हे एक. आणि दुसरे त्याहून महत्त्वाचे. १९२३ साली बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळात मंजूर झाला, १९२४ साली महाड नगरपालिकेने चवदार तळे अस्पृश्यांना खुले असल्याचा ठराव केला. तळे कागदावर खुले झाले! पण २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब हजारो अनुयायांसह तळ्यावर गेले आणि ओंजळीने पाणी प्याले, तेव्हा ते खुले झाले. तेरा हजार जर्नलांचे तळेही तसेच आहे. संकेतशब्द मिळाला म्हणजे पाणी मिळाले असे नव्हे. काय शोधायचे, कसे शोधायचे, सापडलेले खरे की खोटे हे कसे ठरवायचे, हे दाखवणारा माणूस तळ्याच्या पायरीवर उभा लागतो.

मग काय शिकवावे? आमचे म्हणणे साधे आहे. ग्रंथालयशास्त्राच्या प्रत्येक विद्यार्थ्याने पदवी घेण्यापूर्वी स्वतः एक लहानसे संशोधन केलेच पाहिजे, आणि तेही व्याख्यांचे नव्हे. जवळच्या वस्तीतल्या अभ्यासिकेत बसावे. किती मुले येतात, किती मुली येतात, संध्याकाळी सातनंतर मुली का दिसत नाहीत, स्पर्धा परीक्षेच्या पुस्तकांपलीकडे कुणी काही मागते का, हे मोजावे, विचारावे, लिहावे. प्रश्न आधी आणि उत्तर नंतर, ही संशोधनाची पहिली शिस्त तिथे अंगी बाणते. दुसरे, त्याने एका निबंधाचा संपूर्ण प्रवास तपासावा: लिहिला कधी, संपादकाकडे कधी गेला, परीक्षकांनी काय सुचवले, छापला कधी, वाचायला किती पैसे पडतात. तिसरे, त्याला जर्नल पारखता आले पाहिजे. आयएसएसएन हा नुसता नोंदणीचा क्रमांक आहे, गुणवत्तेचा शिक्का नाही, एवढी एक गोष्ट ठाऊक असती तरी पेढे घेऊन आलेल्या त्या तरुणाचे अडीच हजार वाचले असते. संपादक मंडळातली माणसे खरी आहेत का, त्यांना आपले नाव तिथे आहे हे माहीत तरी आहे का, दोन दिवसांत परीक्षण होते कसे, हे विचारायची सवय लागली पाहिजे. पैसे मागणारे प्रत्येक जर्नल बोगस नसते आणि फुकट छापणारे प्रत्येक जर्नल हलके नसते, हा विवेकही त्यातूनच येतो. ‘नेचर’सारखे जगप्रसिद्ध जर्नल २०२१ पासून निबंध सर्वांना खुला ठेवायचा तर साडेनऊ हजार युरो आकारू लागले. म्हणजे लूट फक्त गल्लीबोळात होते असे नाही, हवेलीतही होते. चौथे, दुसऱ्याचे शब्द घेतले तर त्याचे नाव द्यावे ही साधी नीती. आयोगाने २०१८ मध्ये वाङ्मयचौर्यावर नियम केले आणि पुढे पीएच.डी.च्या विद्यार्थ्यांना संशोधन व प्रकाशन नीतीचा दोन क्रेडिटचा अभ्यासक्रम सक्तीचा केला. पण शिक्षेची भीती दाखवण्याआधी संदर्भ कसा द्यायचा हे कुणी हाताला धरून शिकवायचे? पुन्हा तोच टेबल, तोच ग्रंथपाल.

आणि पाचवे, जे केवळ आपणच मागू शकतो. संशोधनाची साधने फक्त इंग्रजी जर्नलांत नसतात. ती ‘मूकनायक’, ‘बहिष्कृत भारत’, ‘जनता’, ‘प्रबुद्ध भारत’ यांच्या पिवळ्या पडलेल्या पानांत आहेत, जलशांच्या वह्यांत आहेत, धर्मांतराला नागपूरला पायी गेलेल्या म्हाताऱ्यांच्या तोंडात आहेत. उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी चळवळीतल्या बायकांना गाठून, बोलते करून १९८९ साली ‘आम्हीही इतिहास घडवला’ हा ग्रंथ सिद्ध केला. ही कोणत्या प्रतीची संशोधन पद्धती होती, हे ग्रंथालयशास्त्राच्या वर्गात शिकवले जाते का? वसंत मून यांनी बाबासाहेबांची हस्तलिखिते जुळवून १९७९ पासून लेखन आणि भाषणांचे खंड काढले, हे आधुनिक महाराष्ट्रातले ग्रंथसंपादनाचे सर्वांत मोठे काम आहे. त्या खंडांच्या रखडलेल्या छपाईची २०२१ साली उच्च न्यायालयाला स्वतःहून दखल घ्यावी लागली, यावरून सरकारची कळकळ दिसते! ज्या समाजाचे दस्तऐवज इतरांनी जपले नाहीत, त्या समाजाला आपला ग्रंथपाल स्वतः घडवावा लागतो.

कुणी म्हणेल, पदेच रिकामी, भरती बंद, असलेला ग्रंथपाल तुटपुंज्या मानधनावर. त्याला हे ओझे कशाला? हा प्रश्न खरा आहे. पदे भरा ही मागणी आम्ही पूर्वीही केली आहे आणि आजही करतो. परंतु ‘पुस्तके देतो-घेतो’ एवढीच ज्याची ओळख, त्याचे पद रद्द करणे सरकारला सोपे जाते. जो माणूस संशोधकाचा आधार बनला, त्याच्या खुर्चीला हात लावताना शंभर विद्यार्थी रस्त्यावर येतात. ज्ञान हेच पदाचे संरक्षण आहे.

म्हणून विद्यापीठांच्या अभ्यास मंडळांवर असलेल्या आपल्या प्राध्यापकांना आमचे सांगणे आहे: हा विषय पुढच्या बैठकीत मांडा आणि प्रात्यक्षिकाला लेखी परीक्षेइतकेच गुण ठेवा. विद्यार्थी संघटनांनी फेलोशिपच्या आंदोलनाबरोबर ही मागणीही जोडावी, कारण फेलोशिपचे पैसे बोगस जर्नलांच्या घशात जाणार असतील तर लढून मिळवले काय? आणि समाजबांधवांनो, तुमच्या बुद्धविहारात अभ्यासिका असेल तर महिन्यातला एक रविवार यासाठी द्या. सेवानिवृत्त ग्रंथपाल आपल्यात आहेत, त्यांना बोलवा. पीएच.डी. करणारी मुले जमवा. एक निबंध, एक जर्नल, एक तक्रार समोर ठेवा आणि बोला. याला सरकारचा आदेश लागत नाही.

तो तरुण त्यानंतर एकदा आला होता. नवा निबंध लिहितो आहे, घाई करत नाही म्हणाला. जाताना त्याने आमच्याकडच्या ‘जनता’च्या अंकांची यादी करून देण्याची तयारी दाखवली. आम्ही हो म्हटले. त्याच्या महाविद्यालयातल्या ग्रंथपालांनाही सोबत घेऊन ये, असे आम्ही त्याला सांगितले आहे. दोघे एका टेबलाशी बसले, तर शिकवणीचा पहिला वर्ग आमच्याच कार्यालयात भरेल. जय भीम!